ओरोसच्या वकीलताईंना

प्रिय ताई,

नाव मुद्दाम घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण तुमच्याबद्दल चार माणसांना कळायला हवं, म्हणून हे उघड पत्र.

विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, मग उत्पन्न कितीही असो, हे आमच्या वाडीत कुणाला ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हाही सूर एकच, "फुकटचो वकील काय करतलो?" त्यात नवरा डोंबिवलीला आणि मी माहेरी, म्हणजे तारखांना मुंबईची वारी आलीच, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. बायको राहते त्या ठिकाणीही घटस्फोटाचा अर्ज करता येतो, हे तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितलंत आणि माझा जीव भांड्यात पडला.

पैशाचं लवकर मिटलं. बाबांचा हेका होता, "आमका तेंचा कायएक नको." तुम्ही म्हणालात, "काका, हिने स्वतःची पोटगी सोडली तर तिची मर्जी. पण लेकीची पोटगी लेकीची. ती सोडायचा अधिकार आईलाही नाही." बाबा गप्प.

खरं घोडं अडलं ते गणपतीवर. लेक सात वर्षांची. पाच वर्षांच्या आतलं मूल सहसा आईकडे, पण कुठल्याही वयात न्यायालय बघतं ते मुलाचं हित, हा झाला कायदा. पण चतुर्थीला ती कुणाच्या घरी, हे कुठल्या कलमात लिहिलंय? मध्यस्थीच्या खोलीत दोन्हीकडची माणसं हट्टाला पेटलेली, आणि तुम्ही विचारलंत, "तुमचा गणपती किती दिवसांचा?" त्यांचा कणकवलीकडचा दीड दिवसाचा, आमचा गौरीबरोबर जाणारा. मग काय, तिकडचं विसर्जन झालं की लेक इकडे! "तारीख घालू नका, तिथी घाला, नाहीतर दरवर्षी भांडाल," म्हणत तुम्ही ते तसंच लिहून घेतलंत. मे महिन्याचे पंधरवडे, तुतारी एक्सप्रेसचं तिकीट कोणी काढायचं, कुडाळ स्टेशनवर न्यायला कोण येणार, तापबिप आला तर फोन कुणी करायचा, सगळं. त्यांचे वकील हसले होते. मला विचाराल तर पोटगीच्या आकड्यापेक्षा हेच पान मोलाचं.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात पहिल्या आणि दुसऱ्या तारखेमध्ये थांबायची सहा महिन्यांची मुदत माफ करून मागता आली असती. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017च्या निकालाने ती वाट मोकळी केली आहे, आणि आम्ही वेगळे राहून दीड वर्ष उलटूनही गेलं होतं. तुम्हीच घाई करू दिली नाहीत. "एक गणपती आणि एक दिवाळी या कागदावर काढून बघा, मग बोलू." गणपती निभावले. दिवाळीत लेकीला परत सोडायला उशीर झाला, फोनवर आवाज चढले, म्हणून दुसऱ्या तारखेआधी वेळेचं एक वाक्य वाढवलं. तेवढंच.

केस चालू असताना माझ्या हातचा चहासुद्धा घेतला नाहीत. आता केस संपली. आईने कोकमाचं आगळ काढलंय, एक बाटली तुमच्या नावाची. शेजारच्या वाडीतली एक मुलगी सोमवारी तुमच्याकडे येईल. तिला आधी विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर फोन करायला लावला, लग्नाचा दाखला आणि बाळाचा जन्मदाखला बरोबर घ्यायला सांगितलंय. बाटली तिच्याच हाती देते. तिचा नियम तिला, बाटली माझी. परत पाठवू नका.

तुमची,
कुडाळ तालुक्यातली एक पक्षकार