ताई, बाण हलके झाले आणि खांदा वाचला: एक जाहीर आभार पत्र

ताई, स. न. वि. वि.

तुम्हाला समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, रविवारी किती वाजता येतोस ते सांग" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता बदला बघू विषय. नाव लिहीत नाही, ते तुम्हाला आवडायचं नाही, पण कोल्हापुरात धनुष्य हातात धरणारी माणसं आहेतच किती, ज्याला कळायचं त्याला कळेल.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगतो. तुम्ही पोरांना तिरंदाजी शिकवता, आणि मी तुमच्याकडं कसा आलो ते. आमचे दाजी बरीच वर्षं टेक्सासला होते, तिथं रीतसर लायसन काढून सीझनला हरणाच्या शिकारीला जायचे, व्हाईटटेल म्हणतात त्या हरणाला, आणि कायमचे गावाकडं आले तेव्हा त्यांचा कंपाऊंड बो, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, माझ्या गळ्यात पडला. शिकारीचाच बो, ६० पौंडाला लावलेला, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारा, सोबत जाडजूड बाण. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद, त्यामुळं माझं सावज म्हणजे ५० मीटरवरचा ८० सेंटीमीटरचा कागद, बस्स. गल्लीतली पोरं अजून विचारतात "दाजीपूरला कधी निघायचं?" अरे बाबांनो, दाजीपूर संस्थानाच्या काळात महाराजांचं शिकारीचं रान होतं, आता अभयारण्य हाय, गवा दिसला तर लांबनं हात जोडायचे आणि परत यायचं.

तर मी तुमच्याकडं आलो तो एकच प्रश्न घेऊन, की हलके बाण घ्यायचेत, कुठले घेऊ. मला वाटलं तुम्ही एका कंपनीचं नाव सांगाल, मी ऑर्डर टाकीन, विषय संपला. तुम्ही उलट मलाच विचारत बसलात. किती पौंड, ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी किती लांब ओढतोस, कशावर मारणार, किती लांबून, एका बैठकीत किती बाण मारतोस, आणि शेवटचा प्रश्न, तो मला लय लागला, "पन्नासाव्या बाणाला खांदा कसा असतो?" खांदा कसला, खांदा नसतोच तेव्हा, नुसती कळ असते.

तिथनं खरी गोष्ट सुरू झाली. मला हलका बाण पाहिजे होता स्पीडसाठी. तुम्ही म्हणालात, "अंतर ठरलेलं असताना स्पीडचं काय लोणचं घालणार, साईट, म्हणजे नेमाची खूण, एकदा लावली की बाण हळू असला तरी तिथंच जाणार. हलका बाण घ्यायचा तो पौंड कमी करायला, मी सांगतो तुला." हे एवढं साधं वाक्य, पण बो विकणारा एकही जण हे सांगत नाही, सगळे स्पीडच विकतात.

आणि मग तुम्ही वहीच्या मागच्या पानावर अकरावीचं फिजिक्स काढलंत. दाजींचा बाण साधारण ४५० ग्रेनचा (बाण ग्रेनमध्ये मोजतात), ६० पौंडावर तो अंदाजे सेकंदाला ७६ मीटरनं सुटत असेल असं धरलं, तर ५० मीटरला पोचायला त्याला ०.६६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो गुरुत्वाकर्षणानं दोन मीटरच्या वर खाली येतो. तोच बो ५५ पौंडावर आणला आणि बाण ३५० ग्रेनच्या आसपासचा केला तर वेग अंदाजे ८२ मीटर, वेळ ०.६१ सेकंद, पडणं एक मीटर ८० च्या जवळ. हवेचा विरोध धरलेला नाही, कागदावरचंच गणित आहे, पण म्हणजे पाच पौंड कमी ओढायचे आणि तरी बाण फूटभर कमी पडणार. माझी साईट शिकारीची, दर अंतराला एक ठराविक पिन असलेली, ५० मीटरची पिन पार खाली जाऊन साईटच्या चौकटीला टेकत होती, तो प्रॉब्लेम पण त्यातच सुटला. मी तिथंच म्हटलं, नाद खुळा.

आता दाजींची बाजू पण मांडतो, नाहीतर घरात जेवायला मिळायचं नाही. दाजी म्हणाले हलका बाण म्हणजे खेळणं, आणि शिकारीच्या हिशोबानं ते शंभर टक्के बरोबर आहेत. तिथं बाणाला जनावराच्या आरपार जायचं असतं, पात्याचं टोक हाडाला लागलं तरी थांबायला नको, म्हणून वजन पाहिजे. शिवाय बाण जड असला की लिंबमधली, म्हणजे बोच्या वाकणाऱ्या दोन हातांमधली, ताकद जास्त करून बाणातच जाते, बो कमी आवाज करतो, आणि हरीण आवाज ऐकून बाण पोचायच्या आत खाली दबतं म्हणे, म्हणून शांत बो लागतो. ४०० ते ५०० ग्रेन, काहीजण त्याच्याही वर, हे सगळं त्या कामाला योग्यच आहे. पण फोमच्या बटाला, म्हणजे ज्यावर कागद लावतो त्या गादीला, ना हाड आहे ना कान. तुम्ही दाजींना हे ज्या पद्धतीनं सांगितलंत, "दाजी, तुमचा बाण तुमच्या कामाला बरोबर, ह्याचं कामच वेगळं", त्याबद्दल वेगळं थँक्यू, कारण दाजींना कुणी गप केलेलं मी तोपर्यंत बघितलं नव्हतं.

पण हलका म्हणजे किती हलका, इथं तुम्ही जो ब्रेक लावलात तो सगळ्यांनी वाचावा. एका ऑनलाईन दुकानदारानं मला २६० ग्रेनच्या आसपास बसेल असा सेट सुचवला होता, सुपरफास्ट म्हणे. तुम्ही बोचं मॅन्युअल उघडायला लावलंत, ते दाजींनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं होतं म्हणून बरं, आणि त्यात लिहिलेली ओळ मोठ्यानं वाचायला लावलीत, पौंडाला कमीत कमी ५ ग्रेन. म्हणजे ६० पौंडाला ३००, ५५ ला २७५, त्याच्या खाली जायचंच नाही. बाण फारच हलका असला की बोची ताकद घ्यायला पुढं काही नसतं, ती सगळी लिंब, कॅम म्हणजे टोकाची चाकं आणि दोरीमध्ये परत येते, रिकामा बो सोडल्यासारखंच जवळजवळ. लिंब तडकली तर ती तोंडाजवळच तडकते, आणि वॉरंटीवाले पण हात वर करतात. तुमचं म्हणणं पडलं की त्या रेषेवर चालायचंच कशाला, पौंडाला सहा साडेसहा ग्रेन धर, बो पण खूश तू पण खूश. ३४८ ला ५५ नं भागलं तर ६.३ येतं, बसलं की बरोबर.

हे ३४८ कसं आलं ते पण लिहून ठेवतो, कारण मला आधी वाटायचं बाणाचं वजन म्हणजे पाकिटावर लिहिलेलं वजन. शाफ्ट, म्हणजे बाणाची नळी, इंचाला ७.४ ग्रेनचा, लांबी २८ इंच, झाले २०७. पॉईंट म्हणजे पुढचं टोक १००, ते नळीत बसवायचा इन्सर्ट १४, मागं दोरीत अडकणारी नॉक ९, तीन पिसं मिळून १८. दाजींचा बाण इंचाला साडेनऊचा, एक इंच लांब, पॉईंट १२५ चा, इन्सर्ट पण जड, म्हणून तो साडेचारशेला. मी म्हटलं मग नुसता पॉईंटच ७५ चा लावू, शाफ्ट कशाला बदलायचा, पैसे वाचतील. तर तुम्ही बाण बोटावर तोलायला लावलात. तोल मधल्या बिंदूच्या किती पुढं येतो ते लांबीच्या टक्क्यात काढायचं, आता माझा बारा-तेरा टक्क्याला येतो, तो बरा. पॉईंट फार हलका केला की तोल मागं सरकतो आणि बाण वाऱ्यात नांगी टाकतो. शिवाय पॉईंट हलका झाला की बाण सुटताना जास्त कडक वागतो, दाजींचा शाफ्ट आधीच ३४० चा, म्हणजे कडकच (हा आकडा काय ते पुढं सांगतो), त्यात पौंड कमी केलेले, म्हणजे बाण गरजेपेक्षा फारच कडक, गाडी पार उलट्या बाजूला.

स्पाईन, म्हणजे शाफ्टचा कडकपणा, हा प्रकार मला तुमच्यामुळंच डोक्यात शिरला. शाफ्ट दोन टेकूंवर २८ इंचाच्या अंतरात ठेवायचा, मधे ८८० ग्राम वजन टांगायचं आणि तो एक इंचाचे किती हजारांश भाग वाकतो ते मोजायचं, ४०० म्हणजे ०.४०० इंच. आकडा मोठा तितका शाफ्ट मऊ, हे उलटं आहे म्हणून भल्याभल्यांचं डोकं फिरतं. माझ्या ५५ पौंडाला, २८ इंचाला आणि १०० च्या पॉईंटला चार्टवर ४०० बसतो. चार्ट मान्य, पण तुम्ही चार्टवर पण विश्वास ठेवला नाहीत. तुमच्या पोरांच्या किटमधले ४०० चे तीन बाण मला वापरायला दिलेत, त्यातल्या एकाची पिसं मुद्दाम काढलीत, आणि म्हणालात आधी हे मार, पिसांचे आणि बिनपिसांचा एकाच जागी पडतात का बघ, मगच डझनाचे पैसे घाल. कार्बनचे बाण काय भावानं पडतात ते घेणाऱ्याला विचारा. ते तीन बाण म्हणजे काय मदत होती हे तुम्हाला कळणार नाही, तुमच्यासाठी ते नुसते तीन बाण होते.

वजन करायचा किस्सा तर मी सगळीकडं सांगत सुटलोय. ग्रेनचा काटा कोल्हापुरात कुठं मिळणार, तर तुम्ही म्हणालात गुजरीत जा की सरळ. एक ग्रेन म्हणजे जवळपास ६५ मिलिग्राम, सराफाचा काटा त्याहून बारीक दाखवतो. गेलो बाण घेऊन गुजरीत, सराफकाकांनी चष्म्यावरनं बघितलं, एकेक बाण आडवा ठेवून वजन केलं, साडेबावीस ग्रामच्या आसपास सगळे, आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "घडणावळ किती लावू?" दोन बाण तीन-चार ग्रेननं जड निघाले, ते बाजूला काढून प्रॅक्टिसला ठेवलेत, बाकीचे एका मापाचे. दुकानातल्या दोन बायका मंगळसूत्र सोडून बाणच बघत होत्या.

आणि उद्यमनगरातलं पण राहिलं. आमच्या मित्राचं तिथं वर्कशॉप हाय, तो म्हणाला आण शाफ्ट, हॅकसॉनं दोन मिनिटात कापून देतो. तुमचा फोनवरचा आवाज अजून आठवतोय, "अजिबात नाही!" कार्बनचे धागे हॅकसॉनं उचकटतात, बाहेरनं दिसत नाही आणि आत चीर पडते. फास्ट फिरणाऱ्या पातळ अब्रेझिव्ह चाकावरच कापायचा, मास्क लावून, कारण ती धूळ छातीत जाते, मग टोक काटकोनात घासून घ्यायचं. तुमच्या मशिनवर तुम्ही स्वतः कापून दिलेत, आणि मित्राला पण बोलावून दाखवलंत, तो आता म्हणतोय मी असलंच मशिन बनवतो, बनवेल पण, उद्यमनगरचा माणूस हाय.

दर बाण मारायच्या आधी वाकवून कानाजवळ नेऊन करकर ऐकायची, पूर्ण फिरवून नख फिरवून बघायचं, ही सवय तुम्ही लावलीत. आधी वैताग वाटायचा. नंतर तुम्ही चिरलेला कार्बन बाण सुटताना फुटला तर हातात काय घुसतं ते सांगितलंत, तेव्हापासनं न चुकता ऐकतो.

पौंड कमी करताना पण दोन्ही लिंबचे बोल्ट सारखेच फिरवायचे, वरचा जेवढा तेवढाच खालचा, मॅन्युअलमधल्या मर्यादेबाहेर नाही, आणि नंतर सगळं परत ट्यून, पीप म्हणजे दोरीतलं बघायचं भोक, रेस्ट म्हणजे बाण टेकवायची जागा, साईट, सगळं. एक संध्याकाळ अख्खी घालवलीत. तुम्ही म्हणालात, वर्ल्ड आर्चरी ह्या जागतिक संघटनेच्या नियमानं ६० पौंडाच्या वर कंपाऊंड मॅचमध्ये चालतच नाही, तर तू ५५ ला लाजतोस कशाला. खरंय.

कुस्ती आणि फुटबॉलच्या गावात तिरंदाजी म्हणजे अजून गंमतच वाटते लोकांना. नेमबाजीचं तसं नाही, राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, आणि आपला राधानगरीकडचा स्वप्निल कुसाळे, पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर रायफलला ब्राँझ, अख्खं गाव नाचलं. तुम्ही तेव्हा म्हणाला होता त्याचं अंतर ५० आणि आपलं पण ५०, पण त्याचा दहाचा ठिपका १०.४ मिलिमीटरचा आणि आपला ८० मिलिमीटरचा, त्यामुळं तक्रार करायची नाही. आणि शेजारच्या साताऱ्याची अदिती स्वामी, नागपूरचा ओजस देवतळे, दोघं २०२३ ला बर्लिनमध्ये कंपाऊंडचे वर्ल्ड चॅम्पियन, ओजसनं फायनलला १५० पैकी १५० मारले. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला कंपाऊंडची मिक्स्ड टीम पण आलीय. तुमच्याकडच्या बारक्या पोरी हे सगळं तोंडपाठ सांगतात, मी पोटावर हात फिरवत ऐकतो.

माझा ग्रुप, म्हणजे बाणांचा झुबका, काही बर्लिनचा नाही. पण शेवटच्या बाणापर्यंत खांदा जागेवर असतो, आणि बाण मधल्या पिवळ्यात जातात हो आता बऱ्यापैकी. फीचं विचारलं तर तुम्ही रागावलात, मिसळ खायला चला म्हटलं तर पोरांची प्रॅक्टिस आहे म्हणालात. मग हे पत्र तरी घ्या.

तुमचे तीन बाण परत आणतोय, बिनपिसाच्या बाणाला नवीन पिसं लावलीत, रंग पोरींना विचारून निवडलाय. एकाचा इन्सर्ट किंचित हलतोय असं वाटतं, तो मी गरम करून काढायच्या भानगडीत पडलो नाही, उष्णतेनं कार्बन खराब होतो असं तुम्हीच म्हणाला होतात म्हणून. रविवारी तुम्हीच बघा, आणि कुठला गोंद आणायचा ते आधी मेसेज करा, येताना लक्ष्मीपुरीतनं घेऊन येतो.

तुमचा,
शिकारी बोवाला
कोल्हापूर