वाडा पाडण्याआधी मोजून तरी घ्या

संपादक महोदय,

१८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन जवळ आला की बडोद्यात हेरिटेज वॉकना ऊत येतो. लक्ष्मी विलास, न्यायमंदिर, कीर्तिमंदिर, मांडवी, आणि मग सेवउसळ! बहुतेक सयाजीरावांच्या काळातल्या या इमारती बघाव्यात अशाच आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण बडोदे काही फक्त राजाने बांधले नाही.

रावपुऱ्याजवळचा तांबेकर वाडाच घ्या. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचे हे घर. बाहेरून एरवीच्या वाड्यासारखेच दिसते. आत गेलात की भिंती चित्रांनी भरलेल्या: एकीकडे कृष्णलीला, दुसरीकडे मराठे-इंग्रजांची लढाई, मध्येच एखादी गोरी मड्डम. चित्रकाराला यात काही विसंगत वाटले नसावे. पुरातत्त्व खात्याने संरक्षित केला म्हणून हा वाडा टिकला, तरी शेजारून रोज जाणाऱ्या कित्येकांनी आत पाऊल टाकलेले नाही.

बाकीच्यांना हे भाग्य नाही. दांडिया बाजारात, पोळांमध्ये (जुन्या दाट वस्तीच्या गल्ल्यांमध्ये) वर मान करून चालले तर केबलच्या जंजाळामागे आणि दुकानांच्या पाट्यांमागे अजून महिरपी दिसतात, तुळयांच्या टोकांवरचे कोरीवकाम दिसते. पण वारस दहा, त्यातले निम्मे परदेशी, आणि सागवानाच्या दुरुस्तीचा खर्च परवडणारा नाही. मालकांना नावे ठेवणे सोपे आहे. गळके छप्पर त्यांच्या डोक्यावर असते, आपल्या नाही. वाडा पडतो, खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात आणि कुठल्याशा रिसॉर्टच्या दारात उभे राहतात.

सगळे वाडे वाचवा, असे मी म्हणत नाही. पाडकामाची परवानगी देताना महापालिकेने एक अट घालावी: आधी मोजमाप, नकाशा आणि छायाचित्रे. चौक किती बाय किती, जिना कुठून वळतो, कडीपाट (लाकडी तुळया-फळ्यांचे छत) कसा बसवला आहे, एवढे कागदावर यावे. सयाजीराव विद्यापीठात वास्तुकलेचे आणि ललितकलेचे विद्यार्थी आहेत. अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून त्यांना हे काम देता येईल.

आमच्या गल्लीतला एक वाडा नुकताच विकला गेला. नवे मालक मोजमाप करू द्यायला तयार आहेत, पण पावसाळ्याआधी पाडकाम सुरू होणार आहे. कोणी येणार असेल तर लवकर यावे.

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे