पेडरसन यांचे ०.४ टक्के स्फटिक

महोदय,

सुप्रामोलेक्युलर रसायनशास्त्राचा, म्हणजे रेणू एकमेकांना किंवा आयनांना सैल बंधांनी कसे धरतात याच्या अभ्यासाचा, विषय निघाला की जाँ-मारी लेन आणि डोनाल्ड क्रॅम यांची नावे घेतली जातात; १९८७ चे नोबेल त्यांच्याबरोबरच मिळालेले, क्राउन इथर ही आयनाला मधोमध धरणारी कड्यासारखी संयुगे शोधणारे चार्ल्स पेडरसन मागे पडतात. पीएच.डी. नसलेल्या या माणसाने १९२७ ते १९६९ ही सगळी वर्षे ड्युपाँट कंपनीत काढली.

त्यांना व्हॅनेडियम या धातूला धरून ठेवणारा रेणू हवा होता. कॅटेकॉल या दोन हायड्रॉक्सिल (OH) गट असलेल्या संयुगाचा एक गट झाकून दुसऱ्याची डायक्लोरोएथिल इथरशी अभिक्रिया करायची, असा बेत होता. पण सुमारे १० टक्के कॅटेकॉल न झाकलेले राहिले आणि त्यातून जेमतेम ०.४ टक्के पांढरे, तंतुमय स्फटिक निघाले. कुणीही ते मोरीत ओतले असते. पेडरसन यांनी विद्राव्यता तपासली: मिथेनॉलमध्ये अगदी कमी, सोडियम हायड्रॉक्साइड घालताच भरपूर. अल्कलीचा हा परिणाम नव्हता, कारण रेणूत अल्कलीशी अभिक्रिया करणारा मोकळा फिनॉल गटच नव्हता. मिथेनॉलमध्ये विरघळणारा कोणताही सोडियम क्षार तेच करीत होता. हा रेणू म्हणजे १८ अणूंचे कडे होते आणि त्यातले सहा ऑक्सिजन सोडियम आयनाला मधोमध धरत होते. पोटॅशियम तर त्यात आणखी नेमका बसतो. म्हणूनच असे क्राउन इथर घातले की एरवी पाण्यात विरघळणारे जांभळे पोटॅशियम परमँगनेट बेंझिनमध्येही उतरते, बेंझिन जांभळे होते.

पदवीच्या पुस्तकांत कड्याच्या आकृतीशेजारी ही विद्राव्यतेची चाचणीही छापावी, ही विनंती.

— रसायनशास्त्राचा एक प्राध्यापक, पुणे