महाद्वार रोडवर चालायचं कुठनं?

संपादक साहेब, नमस्कार. रविवारी पाहुण्यांना घेऊन अंबाबाईचं दर्शन करून महाद्वार रोडला खरेदीला गेलो, बाजार एक नंबर हो, पण बांगड्या, गजरे, कपडे बघत थांबलं की मागनं टू-व्हीलरवाला हॉर्न मारतोच, लहान पोरं आणि म्हाताऱ्या बायकांनी जायचं कुठनं? निदान सुट्टीच्या दिवशी तरी गाड्या बंद ठेवा की. फेरीवाले हटवा म्हणणारे लई आहेत, मला ते पटत नाही, 2014 च्या फेरीवाला कायद्यात आधी त्यांचा सर्व्हे करून जागा ठरवून द्या असं आहे, ते करा आधी.

दुसरं म्हंजे चप्पल लाईन, आपली चपलांच्या दुकानांची रांग. कोल्हापुरी चपलेला 2019 ला जीआय (भौगोलिक मानांकन, म्हंजे ठराविक भागातल्या मालालाच ते नाव) मिळालं, आपले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात, आणि बाजारात रेक्झिनची चप्पलपण 'ओरिजिनल कोल्हापुरी' म्हणून खपते, पाहुण्याला काय कळणार? (इटलीच्या प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल आपली म्हणून दाखवली तेव्हा मात्र आपण सगळ्यांनी बोंब मारली.) चामडं का रेक्झिन एवढी पाटी प्रत्येक दुकानात सक्तीची करा, हातानं शिवणाऱ्या कारागिराला दोन पैसे जास्त मिळतील.

एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर