नामिबियातल्या नूर्डूवर गावच्या सीमानाक्यावरच्या ताईंना

ताई,

नमस्कार. तुमचं नाव मला माहीत नाही. खिशावरची पट्टी वाचायला हवी होती, पण त्या रात्री माझी नजर तुमच्या हातांवरून हलली नाही. तुमच्या नाक्याच्या पत्त्यावर इंग्रजीत चार ओळी पाठवल्या आहेत, त्या फार कोरड्या झाल्या. पोटातलं लिहायचं तर मला मराठीच लागते, म्हणून हे पत्र.

जुलैतली रात्र होती, साडेनऊ वाजून गेले होते. धुळीनं माखलेली गाडी, ती चालवणारा एक भारतीय माणूस आणि शेजारी चौऱ्याहत्तर वर्षांचे, डच वंशाचे एक आफ्रिकानर गृहस्थ. मी त्यांना ओम म्हणतो. तुमच्याकडेही वडीलधाऱ्याला असंच म्हणतात, जसं आम्ही काका म्हणतो. केपटाउनहून पहाटे निघून क्लॅनविल्यम, स्प्रिंगबोक करत सातशे किलोमीटर आलो होतो आणि सीमेवरच्या ऑरेंज नदीचा पूल ओलांडून तुमच्या दारात उभे होतो.

मी स्वतः बंदूक चालवत नाही. मी साताऱ्याचा. आमच्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला आळा घातला, माझा जन्म त्यानंतरचा. पण सोळा वर्षांपूर्वी बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन केपटाउनला आलो तेव्हा पहिल्या हिवाळ्यात न सांगता घरात लाकडं आणून टाकणारा शेजारी म्हणजे हे ओम. त्यांना डॉक्टरांनी रात्री गाडी चालवायला मनाई केली आहे. तुमच्या कीटमन्सहूप गावाच्या पलीकडे मित्राच्या रानात वडिलांच्या रायफलीनं एकदा कुडू, म्हणजे पिळदार शिंगांचं मोठं हरीण, मारायचा, एवढीच इच्छा उरली होती. मी म्हटलं, चला, मी नेतो.

ती रायफल म्हणजे सात बाय सत्तावन्न मिलिमीटर काडतुसाची माऊझर. इंग्रजांविरुद्धच्या बोअर युद्धात, १८९९ ते १९०२ मध्ये, बोअरांच्या, म्हणजे आफ्रिकानरांच्या पूर्वजांच्या, माऊझरमध्ये जे काडतूस होतं तेच हिला लागतं. अक्रोडाचा दस्ता, ओमच्या वडिलांचा गाल लागून लागून एका जागी काळा पडलेला. त्याच दस्त्यावर आता एक पांढरा ओरखडा आहे. तो कसा पडला ते सांगायलाच हवं.

निघण्याआधी कागदांसाठी आम्ही एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. तिथल्या माणसानं रायफल लोखंडी कपाटावरून आपल्याकडे ओढून घेतली. खर्र असा आवाज झाला. ओमनी डोळे मिटून घेतले, बोलले काही नाहीत. मग त्यानं नंबर उतरवला तो चुकीचा, तीनच्या जागी आठ. ओमनी दोनदा विनवलं, एकदा बघता का. तर म्हणाला, पुढे कोणी बघत नाही. दोन मिनिटांचं काम होतं. म्हाताऱ्या माणसाशी असं वागताना त्याला काहीच वाटलं नाही याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही बघितलंत. परवान्यावर तीन आणि सोबतच्या कागदावर आठ. तुमच्या कपाळाला आठी पडली आणि माझ्या पायातलं बळ गेलं. परत सातशे किलोमीटर, आणि ओम पुन्हा निघाले नसते हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग तुम्ही रायफल टेबलावर काढायला सांगितलीत. टेबल पत्र्याचं होतं. ओम पिशवीची चेन उघडत होते, तेवढ्यात तुम्ही हात वर करून थांबवलंत. अंगातला स्वेटर काढलात, टेबलावर पसरलात, बाह्या दोन्ही बाजूंनी सरळ केल्यात आणि आफ्रिकान्समध्ये म्हणालात, "आता ठेवा, आजोबा."

बाहेर नदीवरून बोचरा वारा येत होता आणि तुम्ही अर्ध्या बाहीच्या शर्टात उभ्या होतात.

जुन्या पोलादावरचे आकडे झिजलेले होते. बोटानं तेल पुसून तुम्ही त्यावर कागदाचा कपटा ठेवलात आणि पेन्सिल आडवी धरून हळूहळू घासलीत. आम्ही लहानपणी नाण्यावर कागद ठेवून छाप घ्यायचो, अगदी तसं. एकेक आकडा वर आला. तीन. तुम्ही कपटा ओमसमोर धरलात आणि हसलात. पुढचे सोपस्कार मला आठवतही नाहीत.

आमच्या घरी खंडेनवमीला आजोबांचा जुना कोयता आणि विळा पाटावर मांडायचे. मांडण्याआधी आई धुतलेलं वस्त्र अंथरायची, त्याशिवाय काही ठेवू द्यायची नाही. तुमचा स्वेटर बघून मला तो पाट आठवला.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. ओम तरुणपणी तुमच्या देशात आले होते ते गणवेशात, सक्तीच्या भरतीनं. तेव्हा तिथे दक्षिण आफ्रिकेचं राज्य होतं. २१ मार्च १९९० ला तुम्ही स्वतंत्र झालात, तुमचा जन्म बहुधा त्यानंतरचा. त्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नाहीत. पण नाक्यावरून निघाल्यावर ग्रूनाऊ गावापर्यंत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, आणि मग म्हणाले, "तिला माझ्याशी असं वागायचं काही कारण नव्हतं."

कुडू मिळाला. चौथ्या दिवशी, एका गोळीत. रानमालकानं मांस कामावरच्या सगळ्यांना वाटलं.

परतताना आम्ही तुम्हाला शोधलं, तुमची पाळी नव्हती. ओमना तुमच्यासाठी नवा स्वेटर घ्यायचा होता, कारण तुमच्या डाव्या बाहीला बंदुकीच्या तेलाचा डाग लागलेला त्यांनी पाहिला होता. मीच अडवलं. नाक्यावरच्या पोलिसाला भेट दिली तर त्रास तुम्हालाच झाला असता. हे पत्र म्हणूनच लिहिलं.

पेन्सिलीचा तो कपटा तुम्ही ओमना परत दिला होतात. तो त्यांनी घडी न घालता परवान्याच्या पाकिटात ठेवला आहे. परवा नातवाला दाखवत होते, पुसट होऊ नये म्हणून कडेला धरून.

तुमचा,
ओमचा शेजारी, केपटाउन