शेगडी ट्रेलरच्या बाहेरच हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडीमागे जोडून न्यायच्या छोट्या ट्रेलरच्या कॅम्पिंगवर हल्ली बरंच छापून येतं, फोटोही छान असतात, पण त्यातले काही बघून माझ्या पोटात गोळाच येतो कारण शेगडी आत पेटलेली, गादीला जवळजवळ चिकटून, आणि दार बंद. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

आम्हीही एकदा हीच चूक केली. बाहेर धो धो पाऊस, म्हणून दोन बर्नरची शेगडी आतच लावली, पाणी आत येतंय म्हणून खिडकी पण लावून घेतली, आणि थोड्या वेळात माझं डोकं जड झालं, धाकटी म्हणायला लागली मळमळतंय. आम्हाला वाटलं प्रवासाने दमलोय. बाहेर येऊन बसलो तेव्हा कुठे हळूहळू बरं वाटलं. बंद जागेत शेगडी जळताना साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास, आणि लक्षणं अगदी थकव्यासारखी, त्यामुळे माणूस उठून दार उघडायच्या ऐवजी आडवा होतो, हेच भयंकर आहे. कोळशाची शेगडी तर विझल्यासारखी दिसली तरी हा वायू सोडत राहते, ती ऊब म्हणून रात्री आत घेणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून असं करू नका.

एलपीजीचंही तसंच. तो हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो, म्हणजे आपण झोपतो तिथेच. सिलिंडर बाहेर ठेवायचा, दर ट्रिपच्या आधी नळी आणि रेग्युलेटरच्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं, दोन मिनिटांचं काम आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गॅसगळती ओळखत नाही, दोन्ही अलार्म वेगळे लागतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

मागचं झाकण उघडलं की ओटा, असे ट्रेलर मला म्हणूनच आवडतात, स्वयंपाक आपोआप बाहेर होतो. फक्त मागे सामान कोंबू नका. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढे हिचवर, म्हणजे गाडीला जोडायच्या सांध्यावर, यायला हवा, पाणी म्हणजे लिटरला एक किलो, त्यात भरलेला आइस बॉक्स आणि जड भांडी सगळी मागे गेली की वेगात ट्रेलर डोलायला लागतो. वाऱ्याला आडोसा करा पण छोट्या कार्ट्रिजच्या, म्हणजे गॅसच्या डबीवर चालणाऱ्या, शेगडीला चारही बाजूंनी पत्रा लावू नका, कार्ट्रिज तापून फुटू शकतं. आणि कडाक्याच्या थंडीत ज्योत बारीक झाली तर बिघाड समजू नका, कार्ट्रिजमधलं द्रवरूप ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं, तिथे प्रोपेन जास्त असलेला गॅस न्यावा.

बाकी सवयींचं म्हणाल तर चिरणं-निवडणं घरीच उरकून जायचं, एका भांड्यात होईल तेच करायचं, त्याने गॅस, पाणी, खरकटं सगळंच कमी होतं. बर्फ चुऱ्यापेक्षा मोठा तुकडा घ्या, हळू वितळतो. पेयांचा बॉक्स वेगळा ठेवा, तो सारखा उघडला जातो, आणि कच्चं मांस किंवा दूध ५ अंशाच्या वर तासन् तास राहिलं तर सरळ टाकून द्या, वास घेऊन ठरवू नका. भांडी धुतलेलं पाणी ओढ्यात ओतू नका, साबण कितीही नैसर्गिक असला तरी, निदान साठ-सत्तर मीटर लांब जा.

आणि संपादक महोदय, पुढच्या वेळी पुरवणीत असा फोटो छापाल तेव्हा शेगडी बाहेर असलेला निवडा, आणि खाली अलार्मची एक ओळ टाका, एवढी मनापासून विनंती.

आपली,
एक नियमित वाचक