गाठ प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तिच्यातला पुरावा टिकू द्या

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य

विषय: ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांना बफरयुक्त फॉर्मॅलिन (काढलेली ऊती टिकवणारं, आम्लधर्मी न होणारं द्रव) आणि रुंद तोंडाचे डबे पुरवणे, नमुन्यासोबत वेळेची नोंद सक्तीची करणे

महोदय,

जत, आटपाडी, माण, खटाव इथल्या बाईच्या स्तनातली गाठ काढली, की तपासणीसाठी ती बहुधा मिरज, सांगली, कराड किंवा साताऱ्याच्या वाटेला लागते. त्या प्रवासात डब्यात काय भरलं आहे यावर निदान टिकतं किंवा बिघडतं.

तपासणीत आम्ही काय शोधतो, ते आधी सांगतो. स्तनाच्या दुग्धनलिकेतल्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या मुख्यतः ई-कॅडहेरिन या प्रथिनामुळे. त्याचं बाहेरचं टोक कॅल्शियमच्या साहाय्याने शेजारच्या पेशीतल्या तशाच टोकात गुंततं. आतलं टोक बीटा-कॅटेनिन आणि अल्फा-कॅटेनिन या प्रथिनांमार्फत पेशीला आकार देणाऱ्या ॲक्टिनच्या दोऱ्यांना बांधलेलं असतं. गाठीभोवतीच्या ऊतीतून टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनाचा संदेश आला, की स्मॅड प्रथिनं तो केंद्रकात नेतात. तिथे स्नेल आणि झेब-१ ही प्रथिनं ई-कॅडहेरिनचं जनुक दाबतात. जोड सैल होतो, ॲक्टिनची मांडणी बदलते आणि पेशी पुढे पाय टाकल्यासारखी सरकू लागते. हा बदल उलटूही शकतो. लोब्युलर या स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारात मात्र बहुधा ते जनुकच बिघडलेलं असतं, त्यामुळे पेशी सुट्या, एकामागे एक रांगेने ऊतीत शिरतात. हाताला ठळक गाठ लागत नाही, मॅमोग्राफीतही ती निसटते. याच जनुकाचा जन्मजात दोष पोटाच्या पसरट कर्करोगाचं कारण असल्याचं १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून कळलं. म्हणून लोब्युलर निदान झालं की घरात कुणाला पोटाचा कर्करोग होता का, हे विचारायलाच हवं.

स्लाइडवर हे दिसतं कसं? ई-कॅडहेरिन दाखवणारा रंग दिल्यावर ते असेल तर प्रत्येक पेशीभोवती तपकिरी कड उमटते, नसेल तर पेशी कोरी दिसते. अडचण अशी की नीट न टिकवलेली ऊतीही कोरीच दिसते. म्हणून त्याच स्लाइडवरची निरोगी नलिका आधी पाहावी लागते. तीही फिकी असेल तर दोष नमुन्याचा, आणि त्यावरून निदान करता येत नाही. त्याच तुकड्यावर इस्ट्रोजेन रिसेप्टरची (इस्ट्रोजेन हे संप्रेरक पकडणाऱ्या प्रथिनाची) तपासणी होते. ती खोटी निगेटिव्ह आली तर बाईला टॅमॉक्सिफेनसारखं उपयोगी औषधच मिळत नाही. आमची खरी काळजी ही आहे.

तुकडा कुठे बिघडतो, तेही सांगतो. सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा टिकत नाही, नासत जातो. नुसत्या पाण्यात मिसळलेलं फॉर्मॅलिन पडून राहिलं की आम्लधर्मी होतं, ऊतीत काळे कण बसतात. फॉर्मॅलिन ऊतीत तासाला जेमतेम एक मिलिमीटर शिरतं. अख्खी गाठ न कापता डब्यात टाकली, तर आतला भाग तोपर्यंत कुजायला लागलेला असतो, त्यातही जत-आटपाडीचा उन्हाळा असेल तर विचारायला नको. निमुळत्या बाटलीत मऊ असताना कोंबलेला तुकडा घट्ट झाल्यावर बाहेर येत नाही, मग बाटली फोडावी लागते.

एक लिटर बफरयुक्त फॉर्मॅलिनला लागतं एवढंच: १०० मिली तीव्र फॉर्मॅलिन, ९०० मिली डिस्टिल्ड पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. सामू (pH) ७ च्या आसपास हवा. द्रव तुकड्याच्या किमान दहापट. गाठ काढल्यापासून तासाभरात ती द्रवात जायला हवी. मोठी असेल तर सर्जनने कडा खुणावून, दर ५ ते १० मिलिमीटरवर काप देऊन. द्रवात तिने ६ ते ७२ तास राहावं. शनिवारी दुपारी काढलेली गाठ, मधला रविवार, सोमवारची सुट्टी: मंगळवारी दुपारपर्यंत ७२ तास भरतात. म्हणून डब्यासोबतच्या तपासणीच्या मागणीपत्रावर दोन वेळांची नोंद हवी, गाठ काढल्याची आणि द्रवात टाकल्याची.

आणखी एक. ई-कॅडहेरिनवरून ‘कर्करोग पसरणार की नाही’ सांगतो म्हणणारे महागडे चाचणी-संच कुणी सुचवले तर घेऊ नयेत. पुष्कळ गाठींमध्ये हा जोड शाबूत असतो आणि पेशी घोळक्याने सरकतात. हे प्रथिन प्रकार ओळखायला उपयोगी आहे, भविष्य सांगायला नाही. जोड पुन्हा बसवणारं मान्यताप्राप्त औषधही आज नाही.

डबे, बफरयुक्त फॉर्मॅलिन आणि मागणीपत्रावर वेळेचे दोन रकाने, इतकी ही मागणी आहे. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांपासून सुरुवात करावी. शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिकांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
सांगली-सातारा भागातील विकृतिशास्त्रज्ञ आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ